हुपरीकर सरांनी सुपारी खाल्ली

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हुपरीकर सरांनी मंदाकिनी कोरे यांच्या घराची किल्ली खाल्ली. पेपर वाचता वाचता खाल्ली. अडकित्त्याने तिचे बारीक तुकडे केले, चिमूटभर बडीशेप घातली, सगळं तोंडात टाकलं, आणि दुसऱ्या पानावरची बातमी संपत आली तेव्हा आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. तोवर किल्लीचा बराचसा भाग पोटात पोचला होता.

किल्ली म्हणजे अर्धी सुपारी. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण २०४४ साली सांगली-मिरजेत कोणाला वाटत नव्हतं.

त्या सालापर्यंत एक गोष्ट भाजीवालीपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना पटली होती. फोनवरचा आवाज कोणाचाही असू शकतो. पाच-सात सेकंदांचं बोलणं आणि एखादा फोटो एवढ्या भांडवलावर यंत्र तुमचा चेहरा उभा करायचं, तुमच्या आवाजात बोलायचं, मध्येच तुमच्यासारखं खोकायचंसुद्धा. चोरांचा डोळा असायचा तो घरांच्या व्यवहारांवर. जन्माची कमाई एका दिवसात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते असा तेवढा एकच प्रसंग. त्यात घेणारा आणि देणारा एकमेकांना जेमतेम चारदा भेटलेले, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच घाई. त्या दिवशी निरोप यायचा की खातं बदललंय, पैसे या नव्या खात्यात पाठवा. आधी हा निरोप पत्रातून यायचा. मग लोक शहाणे झाले, ओळखीच्या नंबरवर उलट फोन करून विचारू लागले. मग चोर त्या नंबरवरही फोन उचलायला शिकले.

एस्तेर कांबळेचं घर असंच गेलं होतं. एस्तेर म्हणजे मंदाकिनीची वॉर्डातली जोडीदारीण. दोघी मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात छत्तीस वर्षं सिस्टर होत्या, दोघींनी लग्न केलं नाही, दोघींनी भावंडांची शिक्षणं केली. तीन वर्षांपूर्वी एस्तेरने घर घ्यायचं ठरवलं, शेवटच्या दिवशी विकणाऱ्याचा फोन आला, तिने चेहरा पाहिला, आवाज ऐकला आणि पैसे पाठवले. विकणारा बिचारा त्या वेळी दाढी करत होता. तेव्हापासून एस्तेर बहिणीच्या घरी एका कोपऱ्यात राहत होती आणि फोन वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जात होती.

म्हणून मंदाकिनीने घर घ्यायचं ठरवलं ते दोघींसाठी. मागची खोली एस्तेरची. इस्पितळाच्या चौदा नंबरच्या क्वार्टरमध्ये मंदाकिनीचा सगळा जन्म गेला होता, आणि तिथे भिंतीत खिळा ठोकायला मनाई होती. जानेवारीत चिकटवलेलं कॅलेंडर जूनपर्यंत कधीतरी खाली पडायचं. निवृत्तीची तारीख कळली त्या दिवशी तिने बाजारात जाऊन पहिल्यांदा कुठली वस्तू आणली असेल तर ती हातोडी.

घर सापडलं विश्रामबागेत. तीन खोल्या, मागे सीताफळाचं झाड. मालक भालचंद्र हुपरीकर, निवृत्त चित्रकला शिक्षक, वय एकोणऐंशी. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी शर्मिष्ठा बेळगावला. ती वडिलांना कायमचं घेऊन जाणार होती. तिच्याकडे एक बिल्डरही घिरट्या घालत होता, जास्त पैसे द्यायला तयार होता. पण सर म्हणाले होते की झाड न तोडणाऱ्यालाच देईन. मंदाकिनीने सीताफळाकडे बघून आधी त्याला पाणी किती लागतं एवढंच विचारलं, आणि सरांनी तिथेच मनातल्या मनात व्यवहार पक्का केला.

मागच्या शुक्रवारी बँकेच्या सांगली शाखेत सुपारी फुटली. घरव्यवहार बघणाऱ्या अधिकारी रुबीना मुजावर या सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी त्यांना पाहताच ओळखलं आणि वर्तुळ अजून अंड्यासारखंच काढतेस का म्हणून चारचौघांत विचारलं. मुजावर मॅडमनी हसून विषय बदलला आणि एस्तेरला यंत्र समजावून सांगू लागल्या, कारण एस्तेर कुठल्याही यंत्राकडे संशयानेच बघायची.

सुपारी झाडावर तयार होत असते तेव्हा तिच्या पांढऱ्या गरात सालीकडून तपकिरी शिरा घुसत जातात. कुठली शीर कुठे वळेल हे त्या वर्षीचं ऊन, पाणी, झाडाची तब्येत अशा हजार गोष्टींवर ठरतं. म्हणून जगात दोन सुपाऱ्या आतून सारख्या नसतात. हे सगळ्यांना दिसत होतंच. कोकणातल्या एका प्रयोगशाळेत दोघी संशोधक मैत्रिणींनी पुढची गोष्ट पाहिली. कापलेल्या सुपारीवर लेझरचा किरण सोडला की तो त्या शिरांमधून हजार वेळा आपटत, फुटत बाहेर येतो आणि पडद्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. सुपारी केसभर हलली तरी नक्षी बदलते. शिरांचा फोटो काढता येतो, चित्र काढता येतं, पण प्रकाशाला नेमकं तसंच आपटायला लावील अशी दुसरी सुपारी कुठलंही यंत्र बनवू शकत नाही.

मग त्यांनी सुपारीचे दोन भाग केले. अर्धी घेणाऱ्याकडे, अर्धी देणाऱ्याकडे. कापतानाच दोन्ही अर्ध्यांतून मिळून जी नक्षी येते तिच्यापासून एक लांबलचक आकडा तयार होतो आणि त्या आकड्याने विकणाऱ्याचा खातेक्रमांक कुलूपबंद होतो. आकडा बँक कुठेही साठवत नाही. साठवलाच नाही तर चोरणार काय? सात दिवसांनी दोघांनी आपापला अर्धा घेऊन स्वतः यायचं, अर्ध्याला अर्धा जुळवायचा, तरच कुलूप उघडणार आणि पैसे त्याच खात्यात जाणार. सात दिवस अशासाठी की कोणी धाकाने सही केली असेल तर त्याला परत यायला वेळ मिळावा.

आधी काचेचे मणी वापरून पाहिले होते, पण लोकांचा काचेवर विश्वास बसेना. सोयरीक ठरताना सुपारी फोडलेली मात्र प्रत्येकाने पाहिलेली. सुपारी आली आणि वर्षभरात फसवणुकी जवळजवळ थांबल्या. त्याहून गंमत अशी की माणसं एकमेकांना भेटू लागली. घर घ्यायचं म्हटलं की प्रवास आला, चहा आला, मुलाबाळांची चौकशी आली. कित्येकांना तर घर विकून झाल्यावरही जुन्या घराच्या नव्या मालकाकडे दिवाळीला जायची सवय लागली.

मुजावर मॅडमनी बारीक तारेच्या करवतीने सुपारी कापली आणि दोघांना एकेक पारदर्शक डबी दिली. सोबत छापील सूचना. ओली करू नये, उन्हात ठेवू नये, मुंग्या-उंदरांपासून जपावी, अशा एकूण अकरा. खाऊ नये असं त्यात कुठेही नव्हतं. यंत्राच्या मूळ अहवालात तशा शक्यतेचा एका ओळीत उल्लेख होता आणि ती नगण्य म्हटली होती. अहवाल लिहिणाऱ्यांना हुपरीकर सर भेटले नव्हते.

गुरुवारी मंदाकिनी क्वार्टरमध्ये भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. एस्तेर खोक्यांना दोरी बांधत होती. उद्या, शुक्रवारी, बँकेत जुळणी. शनिवारी क्वार्टर सोडायचं. तेवढ्यात फोन वाजला. एस्तेर उठून आतल्या खोलीत गेली.

फोनवर सरांचा आवाज होता, पण फार पडेल. "सिस्टर, एक चूक झाली. सुपारी खाल्ली मी."

"कुठली सुपारी, सर?"

"आपली. घराची."

मंदाकिनीने अगदी शांतपणे सांगितलं की तुम्हा लोकांनी माझ्या मैत्रिणीचं घर खाल्लंत, निदान आता थापा तरी जरा बऱ्या मारा, एकोणऐंशी वर्षांचा शिक्षक असला पोरकटपणा करत नाही. आणि फोन ठेवला. चोरांची पातळी किती खाली गेलीय याबद्दल तिने एस्तेरला ऐकवलं, आणि दोघी बऱ्याच दिवसांनी मनमोकळ्या हसल्या.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. आता चेहराही दिसत होता. सर आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले, मागे तिने त्यांच्या घरी पाहिलेलं, कधीचं थांबलेलं लंबकाचं घड्याळ. मघाच्या फोनने तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे, ते म्हणाले, पण खरोखरच माझ्या हातून घोटाळा झालाय. मुजावर मॅडमशी बोललो. असं झालं तर बँकेचं एक आपत्कालीन खातं असतं, त्यात आज दोनच्या आत पैसे भरायचे, कागद उद्या होतील. नाहीतर उद्या कराराची मुदत संपते, आणि शर्मिष्ठा बिल्डरला हो म्हणायला टपलेलीच आहे. "मला हे घर तुम्हालाच द्यायचंय, सिस्टर. सीताफळाला पाणी घालणारं माणूस मला दुसरं मिळायचं नाही."

हे बोलणं सरांना शोभणारं होतं. मघाचं नव्हतं. म्हणजे सुपारी खरंच गेली, मुदत खरंच जाणार, आणि शनिवारी ही खोकी घेऊन जायचं कुठे? तिने बँकेचं पान उघडलं. सरांनी सांगितलेला क्रमांक घातला. सुपारीचं कुलूप त्या कराराच्या दाराला होतं. खिडकी उघडून आपले पैसे आपल्या हाताने बाहेर टाकायची मुभा तिची तिला होतीच, त्याला फक्त अंगठा लागत होता.

अंगठा पडद्याच्या वर आला आणि थांबला. आवाजात काही खोट जाणवली म्हणून थांबला असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. आवाजात काहीच खोट नव्हती, चेहऱ्यातही नव्हती. थांबला तो सवयीने. छत्तीस वर्षांत मंदाकिनीने जालीम औषधाचं इंजेक्शन फोनवरच्या हुकमावरून कधी दिलं नव्हतं. डॉक्टर कितीही मोठा असो, कितीही घाई असो. दोन सिस्टरनी मिळून औषध तपासायचं, पेशंटच्या खाटेपाशी जायचं आणि त्यालाच विचारायचं, तुमचं नाव काय? तुम्ही अमुकच ना, असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नव्या पोरींना हे शिकवताना तिचा घसा बसायचा.

"सर, मी येते तुमच्याकडे," ती म्हणाली.

फोनमधले सर म्हणाले की यायला वेळ जाईल, दोन वाजून गेले तर सगळंच मुसळ केरात.

"जाऊ दे. मी येते." तिने फोन ठेवला आणि एस्तेरला हाक मारली. तपासायला दोन सिस्टर लागतात. एस्तेरने चपला घातल्या.

मिरज-सांगली बसला ड्रायव्हर नव्हता, पण कंडक्टर अजून ठेवला होता, कारण सुट्ट्या पैशांवरून भांडायला लोकांना कोणीतरी लागायचंच. वाटभर मंदाकिनी खिडकीबाहेर बघत होती. घर गेलं तर गेलं, असं ती मनाला समजावत होती आणि मन काही ऐकत नव्हतं.

सर पायरीवर बसले होते. खुर्चीत बसायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती. मंदाकिनी फाटकातच थांबली.

"तुमचं नाव काय?"

सर ताडकन उठून उभे राहिले. "भालचंद्र विष्णू हुपरीकर."

"फोन कितीदा केला मला?"

"एकदा. तुम्ही मला चोर म्हणालात, मग पुन्हा करायचा धीर झाला नाही. मिरजेला यायला निघालो होतो, पण चष्मा सापडेना." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मंदाकिनी खालच्या पायरीवर बसली. एका अंगठ्याचं अंतर राहिलं होतं, आणि पलीकडे दोघींचं उरलेलं आयुष्य होतं. तिला रडू फुटलं. एस्तेर तिच्याशेजारी बसून राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा एस्तेरचा चेहरा हलका दिसत होता. हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आपण एकट्याच मूर्ख नव्हतो, हे तिला आज डोळ्यांनी दिसलं होतं.

मागाहून बँकेने शोध घेतला तेव्हा कळलं की सरांच्या फोनला महिनाभर कोणीतरी कान लावून बसलं होतं. सुपारी खाल्ल्यावर सरांनी घाबरून फोनलाच विचारलं होतं, बँकेची सुपारी खाल्ली तर काय करावं? फोनने वैद्याकडे जा म्हणून सांगितलं, आणि चोरांनी संधी साधली. ते खातं बँकेने त्याच दिवशी गोठवलं.

पण सुपारी खाल्लीच कशी? सरांनी सगळं कबूल केलं. त्या शिरांची वळणं इतकी देखणी होती की त्यांना राहवलं नाही, डबीतून काढून त्यांनी रंगीत पेन्सिलींनी तिचं चित्र काढलं. मग ती ठेवायला घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा शोधली. ती म्हणजे त्यांचा पानाचा डबा.

"डब्यात?" एस्तेर म्हणाली.

"या डब्याला पन्नास वर्षांत माझ्याशिवाय कोणी हात लावला नाही ओ," सर म्हणाले.

मंदाकिनी डोळे पुसत हसली, आणि हसता हसता थांबली. सर बोलताना ओठ फारसे उघडत नव्हते. हे तिला पूर्वीही दिसलं होतं, तेव्हा वाटलं तोंडात सुपारी असेल. आता तोंड रिकामं होतं.

"सर, आ करा."

"आता कशाला? गेली ती."

"करा म्हणते ना."

सरांनी आ केला. तिने बोटं आडवी धरून मापलं. तीन बोटं मावायला हवीत, दोनच मावली. फोनच्या उजेडात डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढुरका चट्टा दिसला. एस्तेरने वाकून पाहिलं. सुपारीने असे झालेले गाल दोघींनी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते.

"सोमवारी आमच्या ओपीडीत यायचं," मंदाकिनी म्हणाली. "आणि आजपासून डबा बंद."

तिघंही बँकेत गेली. सरांनी सोबत चित्र घेतलं होतं. त्यांनी ते मुजावर मॅडमच्या टेबलावर मांडलं आणि म्हणाले की हुबेहूब आहे, एकही शीर सुटलेली नाही, यावर चालतंय का बघ. मुजावर मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं. "सर, चित्रावर चाललं असतं तर चोरांचंही चाललं असतं की. नक्कल करता येत नाही म्हणूनच तर सुपारी."

नवी सुपारी आता फोडता येईल, पण पुढे सात दिवस थांबावं लागेल. आणि कराराची मुदत उद्या संपते. मुदत वाढवायची तर मालकाची राजीखुशी हवी. उद्या संध्याकाळपासून सर कोणालाही घर विकायला मोकळे आहेत, हे मुजावर मॅडमनी खाली बघत सांगितलं.

नेमका तेव्हा शर्मिष्ठाचा फोन आला. सरांनी तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. ती बिल्डरबद्दल तावातावाने बोलत होती. बाबा, हा देवानेच दिलेला योग आहे, दुप्पट नाही तरी दीडपट मिळतील. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरी, तू बोलतेयस ते मला पटतं की नाही हे नंतर बघू. पण फोनवर तू तूच आहेस हे मला कसं कळणार? समक्ष ये, मग बोलू." आणि फोन ठेवला. मग मंदाकिनीकडे वळले. "क्वार्टर कधी सोडायचंय?"

"परवा."

"मग परवा सामान घेऊन या."

"पैसे दिल्याशिवाय? कागद झाल्याशिवाय?"

"पैसे कुठं पळून जात नाहीत. मला चोर म्हणालात आणि तरी मला बघायला आलात. माझं तोंड बघितलंत. मला आणखी कसली जुळणी हवी?" सरांनी टेबलावरचं चित्र उचललं. "मी मधल्या खोलीत पडून राहीन. तुम्हा दोघींना अडचण व्हायची नाही."

मंदाकिनीला एवढंच म्हणता आलं की सर, चहा मी करीन. मुजावर मॅडम म्हणाल्या की यंत्रात असल्या गोष्टीसाठी रकाना नाही. मग त्यांनी मुदतवाढीचा कागद पुढे सरकवला आणि करवतीत नवी सुपारी लावली.

या वेळी सरांनी आपला अर्धा मंदाकिनीकडे ठेवायला देऊन पाहिला. नियमात बसत नव्हतं, ज्याचा त्याने सांभाळायचा. सर डबी दोन्ही हातांत धरून घरी गेले, तापलेला चहा नेताना माणूस चालतो तसे.

तो आठवडा घराने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता असा गेला. मोरीचा नळ उलट्या बाजूला फिरवायचा असतो, मागचं दार पावसाळ्यात फुगतं, सीताफळाला दुपारी पाणी घालायचं नाही, अशा गोष्टी कागदपत्रांत कुठेच नसतात, त्या सरांनी एकेक करून सांगितल्या. सुपारी सुटल्यामुळे त्यांची चिडचिड व्हायची. एस्तेरने पानाच्या डब्यातलं सगळं काढून भाजलेले तीळ आणि जवस भरले. सरांनी त्यावर एक दिवस तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा करून पुढ्यात सरकवला.

शर्मिष्ठा रविवारी आली ती भांडायच्या तयारीने. घरात दोन परक्या बायका आणि एक रुपया हातात नाही, हे ऐकूनच तिचं डोकं फिरलं होतं. ती आली तेव्हा सर अंगणात बसले होते, एस्तेर त्यांच्याकडून तोंडाचा व्यायाम करून घेत होती, आ, मिट, आ, मिट, आणि सर शाळेतल्या पोरासारखे टाळाटाळ करत होते. मंदाकिनीने तिला आत नेऊन गालातल्या चट्ट्याबद्दल सांगितलं. बिल्डर बराच वेळ शर्मिष्ठाच्या डोक्यातून गेला. सोमवारी ओपीडीत ती स्वतः वडिलांबरोबर आली. गुरुवारी सकाळी तपासणीचा निकाल कळला. अजून काही वाईट झालेलं नव्हतं, पण वर्षभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. औषध, व्यायाम, आणि सुपारी कायमची बंद.

"तुम्ही त्या दिवशी पैसे पाठवून मोकळ्या झाला असता," शर्मिष्ठा म्हणाली, "तर बाबांचं तोंड कोणी बघितलं असतं, मावशी?" ती मंदाकिनीला पहिल्यांदाच मावशी म्हणाली, आणि बिल्डरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुपारी बँकेत जायची वेळ झाली. रिक्षा फाटकाशी उभी, शर्मिष्ठा आत बसलेली, आणि डबी कुठे आहे म्हणून मंदाकिनीने विचारलं तर सर आत वळले. एस्तेर पुटपुटली की आज डब्यात मी स्वतः तीळ भरलेत, त्यात नव्हती. दोघी मागोमाग गेल्या.

सर मधल्या खोलीत बायकोच्या तसबिरीपुढे उभे होते. डबी तसबिरीखालच्या फळीवर होती, न उघडलेली.

"चाळीस वर्षं नलिनी सांगत होती, सुपारी सोडा," सर म्हणाले. "ऐकलं नाही कधी. या आठवड्यात चारदा हात शिवशिवला. चारदा इथवर आलो. तिच्यापुढून उचलायची हिंमत झाली नाही." आणि त्यांनी तसबिरीला नमस्कार करून डबी उचलली.

बँकेत अर्ध्याला अर्धा लागला. किरण आत शिरला, शिराशिरांत आपटत बाहेर आला, ठिपक्यांची नक्षी उमटली आणि कुलूप उघडलं. अंगठा लावताना मंदाकिनीने सरांकडे वळून विचारलं, तुमचं नाव काय? सरांनी पूर्ण नाव सांगितलं. मुजावर मॅडमनी सूचनांचा नवा छापील कागद दाखवला. त्यात आता बारा सूचना होत्या.

शनिवारी सर बेळगावला निघाले. दारात त्यांनी मंदाकिनीच्या हातात दोन वस्तू ठेवल्या. एक सुपारीचं ते चित्र, चौकट करून आणलेलं. दुसरा पानाचा डबा, त्याच्या कप्प्याकप्प्यांत लहानमोठे खिळे आणि स्क्रू नीट लावून ठेवलेले. मोटार निघाली तेव्हा खिडकीतून त्यांनी पुन्हा बजावलं, दुपारी पाणी नाही.

दोघी मधल्या खोलीत आल्या. नलिनीबाईंची तसबीर सर घेऊन गेले होते, तिथली भिंत रिकामी होती. मंदाकिनीने डब्यातून एक खिळा निवडला. हातोडी हातात घेऊन ती उगाचच दाराकडे बघत उभी राहिली.

"कोणाला विचारायचंय?" एस्तेर म्हणाली.

मंदाकिनीने खिळा ठोकला. तो वाकडा गेला, चित्रही थोडं कललं. एस्तेरने पक्कड पुढे केली, पण मंदाकिनीने ती घेतली नाही, राहू दे म्हणाली, आणि दोघी तिथेच जमिनीवर बसून ते वाकडं चित्र बघत राहिल्या.